घरी फॅक्टर दिल्यानंतर दुष्परिणामांवर लक्ष कसे ठेवावे

हिमोफिलियात रक्त गोठवणारे एखादे प्रथिन, म्हणजे फॅक्टर, कमी असते आणि ते बाहेरून शिरेत टोचावे लागते. त्याची व्हायल (औषधाची कुपी) खोलीच्या तापमानाला आणणे, पावडर जोरात न हलवता गोल फिरवत विरघळवणे आणि शीर शोधणे या गोष्टी रुग्णालयाच्या डे केअर सेंटरमध्ये शिकलेल्या पालकांसाठी हा लेख आहे. माझा मुलगा आता १६ वर्षांचा असून त्याला तीव्र स्वरूपाचा हिमोफिलिया ‘ए’ आहे, म्हणजे त्याच्या रक्तातील फॅक्टर आठचे प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे.

टोचण्याआधी लॉट क्रमांक, मात्रा आणि वेळ वहीत लिहून घ्यावी. औषध मिनिटाला ३ मिलिलिटरपेक्षा वेगाने सोडू नये. लहान मुलाच्या बाबतीत त्याहूनही सावकाश सोडावे.

अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, छाती भरून येणे किंवा श्वासात घरघर होणे ही ॲलर्जीची लक्षणे बहुधा लगेच दिसतात. दिसताच औषध थांबवून रुग्णालय गाठावे. हिमोफिलिया ‘बी’ (म्हणजे फॅक्टर नऊची कमतरता) असलेल्या मुलांना फॅक्टर नऊची ॲलर्जी जिवावर बेतू शकते, म्हणून त्यांचे पहिले १० ते २० डोस रुग्णालयातच व्हावेत; त्याबाबत नातेवाइकांचा सल्ला घेऊ नये.

खरी अडचण इनहिबिटरची. बाहेरून आलेल्या फॅक्टरला शरीर परके समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि टोचलेले औषध काम करण्याआधीच निकामी होते. त्यात ना पित्त उठते, ना ताप येतो. रक्तस्राव थांबत नाही, एवढीच खूण असते. मुलगा सात वर्षांचा असताना त्याचा उजवा गुडघा सुजला. एरवी ज्या डोसाने संध्याकाळपर्यंत पाय सैल पडायचा, त्याच डोसानंतर तिसऱ्या दिवशीही गुडघा गरमच होता. आदल्या आठवड्यात वीज गेली होती म्हणून मी फ्रिजला दोष दिला आणि नव्या व्हायली आणून डोसावर डोस देत राहिले. अखेर डॉक्टरांनी विचारले, “मागच्या वेळी किती तासांत उतार पडला होता?” माझ्या वहीत तारखा होत्या, उत्तर नव्हते. तपासणीत ८ बेथेस्डा युनिट (इनहिबिटर मोजण्याचे एकक) निघाले. पाचच्या वर गेले की नेहमीच्या फॅक्टरवर विसंबता येत नाही.

तेव्हापासून मी शिंप्याच्या टेपने गुडघ्याचा घेर मोजते आणि टेप दर वेळी त्याच जागी बसावी म्हणून कातडीवर पेनाने खूण करते. डोसापूर्वी २८ सेंटिमीटर असलेला घेर सहा तासांनी आणि दुसऱ्या सकाळी किती भरला, हे लिहिलेले असले की डॉक्टरांना अंदाज बांधावा लागत नाही. “कालच्यापेक्षा बरे वाटते” हे मोजमाप नव्हे.

दुसरे म्हणजे वय मोजू नका, फॅक्टर मिळालेले दिवस मोजा. तीव्र हिमोफिलिया ‘ए’मध्ये १०० पैकी सुमारे २५ ते ३० जणांना इनहिबिटर होतो, आणि बहुतेकांना तो फॅक्टरच्या पहिल्या ५० दिवसांत होतो. एका दिवसात दोन डोस दिले तरी तो एकच दिवस धरतात. आपल्याकडे रक्तस्राव झाला की मगच फॅक्टर देण्याची पद्धत अनेक घरांत आहे, त्यामुळे ५० दिवस भरायला वर्षे लागतात. माझा सात वर्षांचा मुलगा मला जुना रुग्ण वाटत होता. वहीत मोजले तेव्हा त्याचे दिवस ३४ भरले.

सलग पाच दिवसांहून अधिक काळ फॅक्टर दिले असेल तर त्यानंतर चार आठवड्यांच्या आत, कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी, आणि नेहमीच्या डोसाला दाद मिळत नसेल तेव्हा ताबडतोब इनहिबिटरची तपासणी करून घ्यावी. स्वतःच्या मनाने डोस दुप्पट करू नये आणि “काही दिवस बंद ठेवा, शरीर विसरेल” हा सल्लाही ऐकू नये. वेदनेसाठी ॲस्पिरिन देऊ नये.

फॅक्टरमधून एच.आय.व्ही. आणि हिपॅटायटिस सी होण्याची भीती जुन्या पिढीत अजून आहे. १९८०च्या दशकात ती खरीच होती. आजची उत्पादने विषाणू निष्क्रिय करूनच येतात. तरीही हिपॅटायटिस बीची लस राहिलेली असेल तर घ्यावी.

इनहिबिटरमुळे मूल एमिसिझुमॅबवर (फॅक्टर आठचे काम करणारे वेगळे औषध) असेल, तर तसे लिहिलेली चिठ्ठी त्याच्या दप्तरात आणि तुमच्या पाकिटात ठेवा. या औषधामुळे ए.पी.टी.टी.ची (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची) तपासणी खोटीच चांगली दिसते, आणि त्याच्या जोडीला फायबा (इनहिबिटर असताना रक्तस्राव थांबवायला देतात ते औषध) मोठ्या प्रमाणात दिले गेल्यास रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. अपघात विभागातील नव्या डॉक्टरांना हे ठाऊक असेलच असे नाही.