बसून बसून खुबा धरत असेल तर
आपल्या सोलापुरात पूर्व भागात बायका मांडीवर सूप घेऊन तासन्तास विड्या वळतात, चाटी गल्लीतले दुकानदार गादीवरनं हलत नाहीत, ऑफिसवाले तर खुर्चीलाच चिकटलेले, मग खुबा दुखणारच की. बसल्यावर जांघेतला स्नायू आखडून राहतो, कुल्ल्याचे स्नायू ढिले पडतात, म्हणून उठल्यावर पहिली चार पावलं वाकूनच पडतात. अर्ध्या तासानं उठा, पाणी प्यायला का होईना. रात्री उताणं झोपून गुडघे वाकवायचे, कंबर वर उचलायची, पाच मोजून खाली, असं दहादा. आणि मागच्या खिशातलं ते जाड पाकीट काढा ओ आधी, त्यानं एकाच बाजूवर भार येतो. पायात मुंग्या येत असतील तर मात्र बाम चोळत बसू नका, सरळ डॉक्टरला दाखवा.