ट्रेलरच्या पत्र्यावरील गंजाचे ओघळ कसे काढावेत

पुण्यात पावसाळाभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रेलरच्या पांढऱ्या बाजूंवर दिवाळीच्या सुमारास तपकिरी ओघळ हमखास दिसू लागतात. ते पुसायला घेण्याआधी कोठून उतरले आहेत हे वरपर्यंत शोधावे. कारण बहुधा गंज पत्र्याला लागलेला नसून वरच्या एखाद्या लोखंडी स्क्रूला किंवा बिजागरीला लागलेला असतो आणि पावसाचे पाणी तो खाली आणते. डागावरून नख फिरवावे. ते सहज घसरले तर डाग वरवरचा आहे. खरखर लागली किंवा रंगाला फुगे आलेले असले, तर पत्राच गंजला आहे, आणि तेथे पॉलिश पेपरने घासून प्रायमर व रंग लावण्यावाचून गत्यंतर नाही.

वरवरच्या डागासाठी ऑक्झॅलिक ॲसिड उत्तम, कारण ते गंजातील लोहाशी संयोग पावून त्याला पाण्यात विरघळणारे रूप देते. ते विषारी असल्यामुळे रबरी हातमोजे व चष्मा घालूनच लिटरभर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम पूड विरघळवावी. हे पाणी मात्र बोअरचे किंवा टँकरचे नसावे, आरओ फिल्टरचे घ्यावे. जड पाण्यातील कॅल्शियमशी या ॲसिडचा साका होतो आणि तपकिरी डाग जाऊन पांढुरकी झाक मागे राहते. ट्रेलर सावलीत लावून साबणाच्या पाण्याने धुवावा, आडोशाच्या कोपऱ्यात रंगावर परिणाम होत नाही ना हे पाहावे, मग द्रावणात बुडवलेले फडके दहा मिनिटे डागावर ओलेच ठेवावे. मऊ ब्रशने हलकेच घासून भरपूर पाण्याने धुवावे. डाग जुना असल्यास पुन्हा करावे. उघड्या जस्ताच्या पत्र्यावर हे द्रावण नको, ते जस्ताचा थर खाते.

ब्लीच वापरू नये. त्याने गंज निघत नाही, उलट लोखंड अधिक गंजते. तारेची घासणीही नको, तिचे बारीक कण रंगात रुतून नवे ठिपके उमटवतात.

डाग गेल्यावर गंजलेले स्क्रू काढून स्टेनलेस स्टीलचे बसवावेत. रविवार पेठेतील बोहरी आळीत ते हव्या त्या मापाचे मिळतात. पत्रा ॲल्युमिनियमचा असल्यास स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर घालावा, नाहीतर दोन धातूंच्या संपर्काने पत्राच झिजू लागतो. डोक्याभोवती सिलिकॉन भरून, ते सुकल्यावर बाजूंना मेण लावावे.