इतवारीतलं जुनं बिलिंग फ्रीडॉसवर चालवताना

इतवारी-मस्कासाथ भागात अजूनही काही दुकानांत क्लिपरमध्ये (डॉसच्या काळातली प्रोग्रॅमिंग भाषा) लिहिलेलं बिलिंग चालतं. लिहिणारा कधीचाच नागपूर सोडून गेला, सोर्स (मूळ प्रोग्रॅम) कोणाकडे नाही, पण सगळी उधारी त्यातच. अशा ठिकाणी मशीन बदललं की मी फ्रीडॉस, म्हणजे जुन्या डॉसचे प्रोग्रॅम चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम, टाकून देतो. फुकट आहे, जिम हॉल यांनी 1994मध्ये सुरू केलं आणि अजून नवी आवृत्ती येते. फक्त मशीन घेण्याआधी बायोसमध्ये लेगसी बूट (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करण्याची सोय) आहे का ते बघा. नुसतं यूईएफआय (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत) असेल तर फ्रीडॉस उठणारच नाही, मग माझ्यावर चिडून उपयोग नाही.

मग शेठचा फोन येतो, "भाऊ, सॉफ्टवेअर उडालं ना!" उडत काही नाही. (कमांड इथे देवनागरीत लिहितो, टाइप इंग्रजी अक्षरांतच करायच्या.)

आधी स्क्रीनवरची ओळ पूर्ण वाचा. "ओपन एरर" आणि शेवटी "डॉस एरर 4" असेल तर एकाच वेळी जास्त फाइली उघडल्या गेल्या, एवढाच त्याचा अर्थ. पार्टी, माल, बिल, लेजर, प्रत्येकाची डीबीएफ (डेटाची फाइल) वेगळी आणि तिच्या मागे दोन-तीन एनटीएक्स इंडेक्स (नोंदी पटकन शोधायच्या सूचीच्या फाइली). बेरीज करा, कळेल. एडिट सी:\एफडीकॉन्फिग.सिस करा (बूट होताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) आणि फाइल्स=40 असेल तिथे 80 करा. ओळीच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह किंवा आकडे दिसतील, ते पुसू नका. आकडे म्हणजे ती ओळ बूट मेनूतल्या कोणत्या पर्यायाला लागू, ते. नुसतं एवढं करून क्लिपर ऐकत नाही. एफडीऑटो.बॅटमध्ये (बूट होताना आपोआप चालणाऱ्या कमांडची फाइल) सेट क्लिपर=एफ:70 ही ओळही टाकावी लागते, आणि हा आकडा फाइल्सपेक्षा कमीच ठेवा. मशीन रीस्टार्ट करा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

मेमरीची तक्रार असेल तर मेम /सी द्या आणि सगळ्यात मोठा प्रोग्रॅम किती केबीचा बसेल तो आकडा बघा. रॅम चार जीबी असली तरी अशा प्रोग्रॅमला पहिल्या 640 केबीतच दाटीवाटीने बसायचं असतं. बूट मेनूत जेमेक्सचा (मेमरी सांभाळणारा ड्रायव्हर) पर्याय घेतला की जागा जास्त मिळते. प्रोग्रॅमला ईएमएस (640 केबीच्या बाहेरची वाढीव मेमरी वापरायची जुनी पद्धत) लागत असेल तर जेम386चा पर्याय घ्या. बूट होतानाच अडकत असेल तर एफ8 दाबा, एकेक ओळ विचारत पुढे जाते आणि कोणता ड्रायव्हर नडतोय ते समोरच दिसतं.

उन्हाळ्यात लाइन गेली की दुसरीच भानगड होते. बिल निघतं, पण पार्टीचं नाव शोधलं की सापडत नाही, नाहीतर भलत्याचीच बाकी दिसते. डेटा बहुतेक वेळा शाबूत असतो, बिघडलेली असते एनटीएक्स. आधी अख्खा फोल्डर कॉपी करा, मगच बिलिंगच्या मेनूतलं रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने बनवणं) चालवा. कॉपी पेनड्राइव्हवर घ्यायची तर तो फॅट32मध्ये फॉरमॅट केलेला हवा आणि मशीन चालू करण्याआधी लावलेला हवा. नंतर लावलेला दिसत नाही, एनटीएफएस असेल तर आधी लावूनही नाही. दुकानाला यूपीएस घ्या म्हणून मी सांगून सांगून थकलो.

छपाईचं सोपं आहे. इको टेस्ट > एलपीटी1 (प्रिंटरचा पॅरलल पोर्ट) देऊन बघा. डॉट मॅट्रिक्सने ओळ काढली तर दोष प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये, नाही काढली तर केबलमध्ये किंवा पोर्टमध्ये. यूएसबीला पॅरलल करणारी केबल इथे चालत नाही, दुकानदार काहीही म्हणो. बोर्डवरच पॅरलल पोर्ट असलेलं मशीन घ्या.