थँक्सगिव्हिंगची उरलेली टर्की: या चुका टाळा

अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण, ज्याला कोंबडीहून बराच मोठा टर्की पक्षी अख्खा भाजतात, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीच येतो. तिथल्या मराठी घरांत गुरुवार म्हटलं की अर्धं टेबल आपोआप शाकाहारी होतं. कोणाचा दत्ताचा वार असतो, कोणाचा साईबाबांचा, कोणाचं मार्गशीर्षातलं महालक्ष्मीचं व्रत. २०२५ साली तर २७ नोव्हेंबरचा थँक्सगिव्हिंग आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवार एकाच दिवशी आले होते. तरी टर्की आणायची ती आणतातच, कारण मुलांना ती हवी असते. माणशी एक ते दीड पौंड धरून पक्षी घ्यावा, असा तिकडचा हिशेब. त्यात पाहुण्यांपैकी चारजण बटाटा, मका आणि पुरणपोळीवर भागवणारे निघाले की उरलेल्या मांसाचा ढीग शुक्रवारी सकाळी फ्रिज उघडणाऱ्याच्या अंगावर येतो.

मग आपण त्याचा रस्सा करतो, पुलाव करतो, सूप करतो, आणि ते बऱ्याचदा बिघडतं. मांस चोथट होतं, रस्सा खारट होतो, किंवा कशालाच चव नसते. मसाला बहुतेक वेळा ठीक असतो. चुकतं ते एवढंच की चार तास भट्टीत भाजून निघालेलं मांस आपण कच्च्या कोंबडीसारखं वागवतो. ते शिजलेलं आहे. त्याला आता ओलावा आणि ऊब हवी आहे, पुन्हा शिजणं नको.

पहिली चूक गुरुवारी रात्रीच होते

‘गरम पदार्थ फ्रिजमध्ये ठेवू नये’ ही आपल्याकडची जुनी शिकवण. त्यामुळे टर्की टेबलावर राहते, गप्पा रंगतात, चहा होतो, पत्ते निघतात, आणि अकरा वाजता कोणाला तरी आठवण येते. अमेरिकी कृषी खात्याचा नियम दोन तासांचा आहे. भट्टीतून काढल्यापासून दोन तासांच्या आत मांस फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, आणि ते कोमट असलं तरी चालतं. ४० ते १४० अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४ ते ६० सेल्सियस, या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात. त्यातला एक, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स, खास लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याचे बीजाणू भट्टीची उष्णताही सोसतात आणि मोठं भांडं सावकाश निवत असताना पुन्हा वाढीला लागतात. अमेरिकेत त्याच्यामुळे होणारी पोटदुखी आणि जुलाबांची प्रकरणं नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच जास्त दिसतात. वासावरून काही कळत नाही, त्यामुळे हुंगून ठरवण्यात अर्थ नाही.

अख्खा पक्षी फॉइल गुंडाळून फ्रिजमध्ये कोंबणं हीसुद्धा चूकच. आतला भाग कित्येक तास गरम राहतो. पोटात भरलेलं पावाचं सारण, म्हणजे स्टफिंग, आधी वेगळं काढा. छातीचं मांस हाडावरून मोठ्या तुकड्यांत सोडवा, तंगड्या आणि पंख तसेच राहिले तरी चालतील. सगळं उथळ डब्यांत, दोन इंचांपेक्षा जाड थर न करता ठेवा. आणि थंडी आहे म्हणून पातेलं गॅरेजमध्ये किंवा मागच्या डेकवर ठेवायची जी पद्धत न्यू जर्सीपासून शिकागोपर्यंत दिसते, ती सोडा. बाहेरचं तापमान दुपारी वर चढतं, आणि तिथल्या रॅकून नावाच्या चोरट्या प्राण्यांना झाकण उघडता येतं.

फ्रिजमधली मुदत तीन ते चार दिवस. गुरुवारची टर्की सोमवारच्या डब्यात गेली तर ठीक, मंगळवारी नको. तेवढ्यात संपणार नाही असं दिसत असेल तर शुक्रवारीच फ्रीझरमध्ये टाका. रविवारी संध्याकाळी, सगळ्यांना कंटाळा आल्यावर, टाकू नका.

‘काल इतकी छान होती, आज अशी का लागते?’

दुसऱ्या दिवशी गरम केलेल्या टर्कीला ओल्या पुठ्ठ्यासारखी एक शिळी चव येते. ही मनाची समजूत नाही. शिजल्यावर मांसातलं लोह मोकळं होतं, आणि ते हवेच्या मदतीने चरबीला खवट करतं. टर्कीच्या चरबीत लवकर खवट होणारा भाग गाय-बैलाच्या मांसापेक्षा जास्त असतो, म्हणून तिला हा त्रास अधिक. उपाय गुरुवारी रात्रीच करायचा: कापलेल्या मांसावर ग्रेव्ही किंवा पाणीदार स्टॉक (हाडं उकळून काढलेलं पाणी) ओता, वर प्लास्टिक चिकटवून हवा काढा, आणि तुकडे मोठे ठेवा. बारीक चिरून ठेवलं की हवा लागायला जागा वाढते. शुक्रवारी हवं तेव्हा हवं तेवढंच चिरा.

ही चव गरम केल्यावर जास्त जाणवते. म्हणून छातीचे पातळ काप थंडच सँडविचमध्ये किंवा पोळीच्या फ्रँकीत जाऊ द्या, कांदा-लिंबू मारून. लवंग, लसूण आणि टर्कीला लावतात तो रोझमेरी, सेज असा सुगंधी पाला यांत हे खवटपण रोखणारे घटक असतात. आपल्या रश्श्याचा इथे खरोखर फायदा होतो, तो ही चव नुसती झाकत नाही.

रस्सा: टर्कीला शिट्टी देऊ नका

सगळ्यांत जास्त नासाडी इथे होते. हात सवयीने कुकरकडे जातो आणि टर्की मसाल्यात परतून दोन शिट्ट्या दिल्या जातात. छातीच्या मांसात चरबी फारशी नसते, जोडपेशीही फार नसतात. त्यातलं पाणी भट्टीतच बरंचसं गेलेलं असतं, उरलेलं कुकर काढून घेतो. हाती राहतात धागे. तंगडीचं गडद मांस थोडं जास्त सोसतं, कारण त्यात चरबी आणि कोलॅजन असतं. म्हणजे एकाच पक्ष्यात दोन स्वभावाचं मांस आहे आणि ते एकदम टाकायचं नाही.

क्रम असा ठेवा. अर्धा किलो शिजलेल्या मांसाला दोन मोठे कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं भाजून, आलं-लसूण घालून बारीक वाटण करा. तेलात तमालपत्र, दोन लवंगा, मग वाटण, मग दोन चमचे कांदा-लसूण मसाला. तेल सुटेपर्यंत परता. तीन वाट्या टर्कीचा स्टॉक घालून रस्सा पंधरा मिनिटं उकळा. रस्सा मांसाशिवाय चाखून चांगला लागला पाहिजे, ही खरी कसोटी. मग तंगडीचे तुकडे घालून पाच-सात मिनिटं मंद आच. शेवटी छातीचे काप, झाकण, तीन-चार मिनिटं. आतपर्यंत १६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सियस, झालं की गॅस बंद. थर्मामीटर टर्कीसाठी आणलेला असतोच, तो आज पुन्हा वापरा.

मीठ अगदी शेवटी. दुकानातल्या पुष्कळ टर्कींत आधीच मिठाचं पाणी टोचलेलं असतं, वर घरी कोणी मिठाच्या पाण्यात भिजवलेली असते, ग्रेव्हीही खारट असते. रस्सा खारट झालाच तर बटाटा टाकून मीठ ‘ओढून’ घेण्याचा प्रयोग करू नका, तो फारसा चालत नाही. अर्धा रस्सा बाजूला काढा, उरलेल्यात बिनमिठाचा स्टॉक किंवा नारळाचं दूध घाला, आणि काढलेला भाग उद्याच्या आमटीत किंवा पुलावाच्या पाण्यात जाऊ द्या.

आणखी एक बारीक गोष्ट, जी कोणी सांगत नाही: कातडी काढा. सेज, थाईम, लोणी हे सगळं कातडीत बसलेलं असतं. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाशी सेजचं अजिबात जमत नाही, आणि मग ‘रश्श्याला कसला तरी औषधी वास येतोय’ असं आजी म्हणते. कातडी कढईत मंद आचेवर कुरकुरीत करून वेगळी खा. ती वाया घालवणं हा गुन्हाच आहे.

लहान मुलं जेवणार असतील तर तंगडीचं मांस हाताने सोडवा, सुरीने नाही. टर्कीच्या तंगडीतले स्नायुबंध हाडासारखे कडक आणि टोकदार होतात. कोंबडी खाणाऱ्याला ते माहीत नसतात. बोटांना लागतात, सुरीला लागत नाहीत.

सांगाडा फेकणं

घरात स्टॉक नसेल तर वरचं सगळं पाण्यावर होतं, आणि पाण्यावर केलेला रस्सा तसाच लागतो. सांगाडा मोडून मोठ्या पातेल्यात, बुडेल इतकं थंड पाणी, एक कांदा, गाजर, मिरी, मीठ अजिबात नाही. तीन तास मंद आच, वर एखाददुसरा बुडबुडा येईल इतकीच. खळखळ उकळलंत तर चरबी पाण्यात मिसळून स्टॉक गढूळ आणि तेलकट होतो. वेळ नसेल तर प्रेशर कुकरमध्ये तासभर. शिट्टी हाडांना द्यायची, मांसाला नाही. तेवढाही वेळ नसेल तर सांगाडा पिशवीत घालून फ्रीझरमध्ये.

दुसऱ्या दिवशी स्टॉक थरथरणारा, जेलीसारखा दिसला तर घाबरून ओतून देऊ नका. कोलॅजनचं जिलेटिन झालं, म्हणजे काम उत्तम झालं. वरचा चरबीचा थर काढा, तोच पुलावाला वापरा. टर्की धुरावर भाजलेली असेल तर मात्र सांभाळून: तो स्टॉक फार कडक होतो, अर्धा स्टॉक अर्धं पाणी घ्या. तो मसूर किंवा राजम्याला छान.

पुलावाचं तंत्र रश्श्यासारखंच: तांदूळ स्टॉकमध्ये शिजवा, मांस दम देताना वर पसरा. नूडल सूप करत असाल तर नूडल वेगळ्या उकडा आणि वाडग्यात घाला. पातेल्यात राहिल्या तर सकाळपर्यंत सगळं पाणी पितात.

पॉट पाय खालून का भिजतो?

अमेरिकी घरांत या आठवड्याचा घरगुती पदार्थ म्हणजे पॉट पाय, मांस-भाज्यांचं सारण मैद्याच्या पारीत घालून भट्टीत भाजलेला, आणि मराठी मुलांनाही तो रश्श्याइतकाच आवडतो, कधी जास्तच. भिजतो कारण सारण पातळ असतं आणि गरम असतं. लोणी-मैद्याच्या पांढऱ्या सॉसमध्ये चमचा ओढला की वाट क्षणभर दिसली पाहिजे. मग फ्रीझरमधला वाटाणा-गाजर तसाच घाला, टर्की घाला, आणि सारण पूर्ण निववा. गरम सारणावर पारी ठेवली की तिच्यातलं लोणी भट्टीत जायच्या आधीच वितळतं. खरं तर खालची पारी हवीच असं नाही. काचेच्या भांड्यात सारण, वर एकच पारी, वाफ जायला दोन चिरा, ४०० अंश फॅरनहाइट. भिजायला काही उरतच नाही.

उरलेल्या मॅश्ड बटाट्याची टिक्की तेलात फुटते, तीही अशाच कारणाने. त्यात क्रीम आणि लोणी आहे, तो आपल्या उकडलेल्या बटाट्याइतका कोरडा नाही. जाडे पोहे मिक्सरमधून काढून मिसळा, किंवा कालचं स्टफिंग चुरून घाला. बारीक चिरलेली टर्की, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून अर्धा तास फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या, मग तव्यावर थोड्या तेलात. उरलेल्या क्रॅनबेरी सॉसमध्ये भाजलेलं जिरं, तिखट आणि मीठ घातलं की सोबतीची चटणी झाली.

गरम करताना

स्लो कुकरमध्ये थंड टर्की टाकून सकाळी कामावर जाऊ नका. तो इतका सावकाश तापतो की मांस धोक्याच्या टप्प्यात कितीतरी वेळ राहतं. आधी गॅसवर कढवा, मग हवं तर त्यात गरम राखा. ग्रेव्ही खळखळून उकळा. ती फुटली तर चमचाभर गरम स्टॉक घालून फेटा. मायक्रोवेव्हमध्ये तुकड्यांवर थोडा स्टॉक शिंपडून झाकण ठेवा आणि मध्ये एकदा उलटा. भट्टीत गरम करायची असेल तर ३२५ अंश फॅरनहाइटपेक्षा खाली नको, आणि फॉइल घट्ट. दर वेळी जेवढं खाणार तेवढंच डब्यातून काढा.

फ्रीझरसाठी मांस एका वेळेच्या हिशेबाने पिशव्यांत भरा, प्रत्येकीत मांस बुडेल इतका स्टॉक ओता, हवा काढून सपाट करा, तारीख लिहा. अशी टर्की दोन ते सहा महिने चांगली राहते. स्टॉकशिवाय, कोरडी गोठवलेली छाती मात्र डिसेंबरातच पांढरट पडून कडक होते. तसं झालंच तर तिचा खिमा करा: बारीक चिरून, कांदा-टोमॅटोच्या ओल्या मसाल्यात, वाटाणे घालून. पावाबरोबर कोणाच्या लक्षातही येत नाही.