काटा अडला की आधी वही उघडा

९०.२. वजन कमी करण्याच्या सर्जरीला आठ महिने झाले होते आणि सलग सात आठवडे काटा याच आकड्याभोवती घुटमळत होता. एखाद दिवशी ९०.४, एखाद दिवशी ८९.९, की पुन्हा ९०.२. नवऱ्याने एकदा काहीही न बोलता काट्याचे सेल बदलले. नव्या सेलवरही ९०.२.

माझी स्लीव्ह, म्हणजे पोट लहान करण्याची सर्जरी, झाली तेव्हा वजन ११८ किलो होतं. त्यात पोटाचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि घ्रेलिन हे भूक लावणारं हार्मोन मुख्यतः जिथे तयार होतं, तो भागही त्याबरोबर जातो. त्यामुळे सुरुवातीला भूक म्हणजे काय हेच मी विसरले होते. वजन असं उतरत होतं की दर महिन्याला कपडे आल्टर करायला टाकायचे. मग ते थांबलं, आणि मी घाबरून जे जे करू नये ते सगळं केलं. रात्रीचं जेवण सोडलं, दोन दिवस फक्त सूप घेतलं, दिवसातून तीनदा काट्यावर उभी राहिले. माझा धंदा हिशेबनिसाचा. ऑफिसात ताळा जुळला नाही तर मी आधी नोंदी तपासते. स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र नोंदी न बघताच खोडाखोड सुरू केली होती. ती चूक तुमची होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

पहिलं काम, वजन खरंच अडलंय का ते ठरवा. आठ-दहा दिवस काटा हलला नाही, याला प्लॅटो, म्हणजे उतरतं वजन एका जागी अडून बसणं, म्हणू नका. सर्जरीनंतर तिसऱ्या आठवड्याच्या आसपास बहुतेकांचा काटा थबकतो. माझाही बारा दिवस थबकला होता. त्याचं कारण पाण्यात आहे. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साधारण अर्धा किलो साखर साठवून ठेवतं, आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर जवळपास ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. सर्जरीनंतर खाणं एकदम घटतं, हा साठा रिकामा होतो आणि पाण्यासकट दोनेक किलो भराभर जातात. पुढे खाणं थोडं वाढलं की साठा पुन्हा भरू लागतो, पाणी परत येतं. आत चरबी जळत असते, पण काट्याला ते दिसत नाही. त्या आठवड्यात करण्यासारखं एकच आहे: काट्याकडे न बघणं. पाळीच्या आधीचे काही दिवस, जास्त मीठ पोटात गेलेला दिवस, बद्धकोष्ठ, नवीन व्यायाम सुरू केल्यावर दुखरे झालेले स्नायू, हे सगळे पाण्याचेच खेळ.

म्हणून मी आठवड्यातून एकदाच वजन करते. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच कपड्यांत. महिन्याच्या एक तारखेला टेप घेऊन कंबर, नितंब, मांडी आणि दंड मोजते. ९०.२ च्या त्या सात आठवड्यांत माझी कंबर ३ सेंटिमीटरने कमी झाली होती, आणि मला ते कळलं कधी, तर मोजायला सुरुवात केल्यावर जुन्या पॅन्टचा पट्टा बघून. चार आठवडे काटाही हलला नाही आणि टेपही हलली नाही, तर मी त्याला खरा प्लॅटो मानते.

तसा असेल तर चौदा दिवस काहीही बदलायचं नाही. फक्त लिहायचं. हे सर्वांत अवघड आहे, कारण हात शिवशिवतात. वहीत रकाने पाडा: किती वाजता, काय, किती, प्रोटीन किती ग्रॅम, पाणी किती, आणि शेवटचा रकाना ‘का’. भूक होती, कंटाळा होता, कुणी आग्रह केला, की बैठक लांबली? मी स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा आणून ठेवला. अंदाजाने लिहिलेली नोंद ही नोंदच नाही, हे कुठल्याही हिशेबनिसाला विचारा. आणि चाखलेलं, चाटलेलं, मुलाच्या ताटात उरलेलं, तेही लिहायचं. मी सुरुवातीचे तीन दिवस ते लिहिलंच नव्हतं. चौथ्या दिवशी स्वतःचीच लाज वाटली.

चौदा दिवसांनी बेरीज केली आणि चोरी सापडली. जेवणं चोख होती. गळती होती तीन कप कॉफीत. भरपूर दूध, दोन चमचे साखर, म्हणजे कपाला १३० च्या आसपास कॅलरी, दिवसाला जवळपास ४००. त्यावर संध्याकाळची बिस्किटं आणि येता-जाता उचललेले बदाम-काजू. सुकामेवा चांगला म्हणून मी तो हिशेबातच धरत नव्हते, पण छोट्या मुठीत दीडशेच्या वर कॅलरी सहज असतात.

यातली मेख समजून घ्या. सर्जरीने पोट लहान होतं, पण पोटात थांबतच नाही अशा पदार्थांना ती अडवू शकत नाही. कॉफी, ज्यूस, आइस्क्रीम, तोंडात विरघळणारी बिस्किटं, चिप्स हे सगळं सरळ खाली घसरतं. पोट भरल्याची जाणीव होत नाही, म्हणून पुन्हा घेतलं जातं. घट्ट प्रोटीनचा अर्धा वाटीभर घास मात्र तीन तास धरून ठेवतो. जेवताना पाणी प्यायल्यासही तोच तोटा: अन्न पातळ होऊन लवकर पुढे जातं आणि पोट लवकर रिकामं होतं. म्हणून जेवताना पाणी नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास थांबून मग. हा नियम मला डिस्चार्जच्या कागदावर दिला होता. सहाव्या महिन्यापर्यंत मी तो कधी सोडून दिला तेही आठवत नाही. तुमच्या कागदावरचे कुठले नियम असे गळून गेलेत, ते एकदा ताडून बघाच. नव्या युक्त्या शोधण्याआधी मी तो कागद फ्रिजवर चिकटवला.

दुसरी तूट प्रोटीनची. माझी सरासरी निघाली ४१ ग्रॅम. सर्जरीनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम सांगतात, आणि अनेकांना ८० पर्यंत. तुमचा आकडा तुमच्या डाएटिशियनकडून घ्या, विशेषतः किडनीचा त्रास असेल तर. एका अंड्यात ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये २७ ते ३० ग्रॅम. शाकाहारी असाल तर पनीर, घट्ट दही, सोया आणि कडधान्यं यांची सांगड घालावी लागते, आणि आकडा भरत नसेल तर प्रोटीन पावडरची लाज बाळगू नये. ताटात क्रम ठरवून टाका: आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर पिष्टमय. माझी जागा बहुधा उरत नाही. घास लहान, चावणं भरपूर, जेवणाला वीस ते तीस मिनिटं. एकटी जेवताना मी पाच मिनिटांत उरकायचे, म्हणून आता घड्याळ समोर ठेवते.

प्रोटीनचा एवढा आग्रह का, तर वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. स्नायू गेले की बसल्या जागी जळणारी ऊर्जा घटते. शिवाय शरीरच लहान झालेलं असतं. ११८ किलोंची मी जेवढं चालायचे तेवढंच ९० किलोंची मी चालले, तर खर्च जवळपास पाव हिस्सा कमी. पाठीवरची २८ किलोंची गोणी उतरली ना! त्यात शरीर स्वतःही काटकसर करू लागतं आणि वजनाच्या मानाने अपेक्षित असतो त्याहूनही खर्च कमी करतं. तिसऱ्या महिन्यात ज्या खाण्यावर वजन उतरत होतं, त्याच खाण्यावर आठव्या महिन्यात ते जागेवर उभं राहतं. यात तुमचा आळस किंवा गुन्हा काही नाही, खर्चाची बाजू बदलली आहे एवढंच.

ती बाजू वाढवायला मी चालणं वाढवलं नाही. रोज चाळीस मिनिटं चालत होतेच. मी स्नायूंचा व्यायाम सुरू केला, आठवड्यातून तीन दिवस, पंचवीस मिनिटं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून पुशअप, रबरी बॅण्ड ओढणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. पहिल्या दिवशी खुर्चीवरून सहा वेळा उठले आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना देव आठवले. दोन महिन्यांत दहाचे तीन सेट. टाके ताजे असताना वजन उचलायचं नाही. सर्जनची परवानगी मिळाल्यावरच.

झोपेचा रकाना मी उगीच गंमत म्हणून ठेवला होता. सरासरी साडेपाच तास निघाली. वहीत स्वच्छ दिसत होतं, कमी झोपेच्या दुसऱ्या दिवशी बिस्किटं दुप्पट. झोप सातपर्यंत नेली आणि संध्याकाळची वखवख बरीच निवली.

बदल मात्र एका वेळी एक करा. पहिले दोन आठवडे फक्त कॉफी: साखर बंद, दूध नावापुरतं. पुढचे दोन आठवडे प्रोटीन ६५ ग्रॅम. मग व्यायाम. सगळं एकदम केलं तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि एक सुटलं की सगळंच सुटतं. पहिल्या पाच आठवड्यांत १.९ किलो उतरलं. सर्जरीनंतरच्या पहिल्या महिन्यांच्या मानाने हे काहीच नाही, पण तो वेग परत येत नसतो. उतार सर्वांत जोराचा पहिल्या सहा महिन्यांत असतो.

एक गोष्ट मी केली आणि पस्तावले. एका ओळखीच्या बाईने ‘पोट रिसेट’ सुचवलं: पाच दिवस पुन्हा लिक्विडपासून सुरू करायचं म्हणजे पोट आक्रसतं म्हणे. पोट असं आक्रसत नाही. तीन दिवसांत दीड किलो गेलं, ते पाणी होतं. चक्कर आली, आणि आठवड्यात सगळं परत आलं. उपाशी राहण्याचा कुठलाही प्रकार सर्जरी झालेल्या माणसाला दुप्पट महाग पडतो, कारण आधीच प्रोटीन आणि जीवनसत्त्वं काठावर असतात.

वही स्वच्छ आहे, नोंदी प्रामाणिक आहेत आणि तरीही वजन अडलंय किंवा वाढतंय, तर प्रश्न ताटातला नसू शकतो. तेव्हा डॉक्टरकडे जा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, आयर्न, बी१२, व्हिटॅमिन डी तपासून घ्या. आयर्न कमी असेल तर दम लागतो आणि व्यायाम होत नाही, इतकं ते सरळ आहे. कॅल्शियम आणि आयर्नच्या गोळ्या एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी या दोन्हींपासून चार तास लांब. चालू औषधांची यादी बरोबर न्या. इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, स्टेरॉइड, काही मानसिक आजारांची औषधं वजन धरून ठेवतात. डॉक्टर पर्याय देऊ शकतात, पण स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही. पूर्वीपेक्षा बरंच जास्त खाल्लं जात असेल तर सर्जन एण्डोस्कोपी किंवा बेरियम तपासणी करून रचना बघतात. बायपास या दुसऱ्या सर्जरीत पोटाची छोटी पिशवी वेगळी करून आतड्याला जोडतात, तिथे क्वचित त्या पिशवीची जुन्या पोटाशी वाट जुळलेली सापडते. वजन परत चढू लागलेल्यांना हल्ली भूक कमी करणारी इंजेक्शनंही देतात, तो निर्णयही त्यांचाच. आणि उलट्या थांबत नसतील, पोटात जोराचं दुखत असेल, पाय बधिर वाटत असतील किंवा गोंधळल्यासारखं होत असेल तर वही-बिही बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. सततच्या उलट्यांनी थायमिन (व्हिटॅमिन बी१) संपतं आणि मज्जासंस्थेला इजा होते.

आता एक नावडतं बोलते. काही प्लॅटो मोडायचे नसतात. बहुतेकांचं वजन सर्जरीनंतर वर्ष-दोन वर्षांत सर्वांत खाली येऊन थांबतं, आणि पुढे थोडं वर चढणंही नेहमीचंच. माझं सतराव्या महिन्यात ८२ वर थांबलं. मला ७० हवं होतं. ७० हा आकडा मी लग्नातल्या फोटोवरून काढला होता, कुठल्याही डॉक्टरने दिलेला नव्हता. मी पुन्हा वही काढली, चौदा दिवस लिहिलं. प्रोटीन ६८, झोप सात तास, गळती नाही, रक्ताच्या तपासण्या ठीक. ब्लडप्रेशरची एक गोळी बंद झालेली, गुडघे बोलायचे थांबलेले. नोंदी बरोबर होत्या. फॉलो-अपला सर्जनना ती पानं दाखवली, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून नीट वाचली आणि विचारलं, “रविवारी प्रोटीन दर वेळी पन्नासवर का येतं?” ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. सध्या मी रविवारच्या मागे आहे.