गावतळ्यातली मरळ: शोधायची कुठे, गळाला लावायची कशी

ठाणे-नवी मुंबईच्या तळ्यांवर गळ टाकणारे बहुतेक जण चिलापीवर समाधान मानतात. पावाचा तुकडा, बारीक गळ, बुच, झालं काम. त्याच पाण्यात मरळ आहे हे त्यांच्या गावीही नसतं, कारण ती पावाला ढुंकून विचारत नाही. मरळ पक्की शिकारी. दबा धरून बसते आणि तोंडासमोरून जाणारा बेडूक, कोळंबी, बारीक मासा गट्ट करते. तिला आधी डोळ्यांनी शोधायचं आणि मग गळ काढायचा. आल्याआल्या पाणी झोडपायला लागलात, तर सगळ्या मरळी खाली दबून बसतात आणि दुपारपर्यंत हाताला फक्त शेवाळ लागतं.

आधी तळं निवडा. मासुंदा, उपवन यांसारख्या काठ बांधून काढलेल्या तलावांवर फिरणाऱ्यांची गर्दी असते, आणि मागे माणसं असताना गळ फिरकावणं धोक्याचं आहे. मातीचा काठ, कडेला पाणगवत, थोडी जलपर्णी किंवा कमळाची पानं असलेलं जुनं गावतळं बरं. घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूची गावं, शीळ-दिव्याकडचा पट्टा इथे अशी तळी सापडतात. नवी मुंबईत सिडकोने बांधलेले धारण तलाव मात्र सोडून द्या. तिथे खाडीचं पाणी येतं-जातं. बोईट मिळेल, चिलापी मिळेल, मरळीसाठी वेळ घालवू नका. येऊरच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मासेमारीला बंदी आहे, तिथे गळ घेऊन जाऊच नका. बाकी बऱ्याच तलावांत मासेमारीचा ठेका दिलेला असतो, म्हणून काठावर जो कोणी जाळं विणत किंवा होडी लावत असेल त्याला आधी विचारा. हौसेने गळ टाकणाऱ्याला सहसा कोणी हाकलत नाही; न विचारता टाकणाऱ्याला हाकलतात, आणि बरोबरच करतात.

आता शोधणं. मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, दर काही मिनिटांनी हवा घ्यायला वर यावंच लागतं. गटाराचं पाणी येऊन बाकीचे मासे मरतात तिथेही ती तगते, ती यामुळेच. आणि ती सापडते तीही यामुळेच. काठापासून तीन-चार पावलं मागे, सूर्य समोर किंवा बाजूला ठेवून उभे राहा, म्हणजे तुमची सावली पाण्यावर पडत नाही. अर्धा तास नुसतं बघा. मरळ वर आली की पाणी उडत नाही, आत ओढल्यासारखं होतं. 'गुळुक' असा आवाज, एक गोल तरंग, आणि मागून एखाद-दुसरा मोठा बुडबुडा. बारीक बुडबुड्यांची माळ पुढे सरकत असेल तर तो चिखल उकरणारा मृगळ किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प) मासा. गवताच्या काडीभोवती चुकचुक ऐकू आली तर चिलापी. एकाच जागी दोन-तीनदा गुळुक झालं की ती जागा काठावरच्या एखाद्या झाडाच्या किंवा खुंटाच्या खुणेने लक्षात ठेवा.

जलपर्णीचं एक गणित आहे. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो आणि सुटी जलपर्णी पूर्वेच्या काठाला जाऊन साचते. त्या गादीची कड, आणि गादीत मध्येच राहिलेली हात-दोन हातांची मोकळी जागा, हे मरळीचं आवडतं ठिकाण. पूर्ण तळं हिरवं झालं असेल तर कडेकडेने फिरून अशा जागा मोजा आणि फक्त त्यांच्यावरच मेहनत घ्या.

हंगाम म्हणाल तर मार्च ते मे सर्वांत चांगला. पाणी कमी, गरम, मासा एकवटलेला. उजाडल्यापासून साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर जाऊन फायदा नाही, ऊन चढल्यावर अकरा ते दोन या वेळात जा. पावसाळा तिच्या विणीचा. जूनमध्ये वलगण, म्हणजे पहिल्या पावसात माशांचं प्रवाहाविरुद्ध चढणं, लागली की मरळी नाल्याने, भातखाचरांत चढतात, आणि पुढे तळ्यात पिल्लांचे लालसर घोळके दिसू लागतात. एका जागी थेंब पडावेत तसं पाणी शहारतं आणि पाऊस तर नसतो, ती पिल्लं. नर-मादी खालीच राखण करत असतात. अशा घोळक्यावर काहीही टाकलं तरी मोठी मरळ तुटून पडते, भुकेने नाही, रागाने. तिथे गळ टाकू नका. राखणदार उचलला की चिलापी ती पिल्लं बघता बघता संपवते, आणि पुढच्या वर्षी तेच तळं रिकामं म्हणून तुम्हीच ओरडता.

साहित्याला फार खर्च नको. साडेसहा ते सात फुटांचा मीडियम-हेवी रॉड, 3000 किंवा 4000 मापाचं स्पिनिंग रील, 30 ते 40 पौंडांचा ताण सोसणारी ब्रेडेड, म्हणजे विणीची दोरी. साधा तंगूस (नायलॉनचा एकेरी धागा) गवतात ताणतो आणि गळ नीट रुतत नाही, म्हणून इथे ब्रेडच हवी. पुढे रबरी पोकळ बेडूक, पाच-सहा सेंटिमीटरचा, 10 ते 15 ग्रॅम वजनाचा. जिवंत बेडूक टोचायची काहीही गरज नाही. बेडूक थेट ब्रेडला पालोमर गाठीने बांधा (दोरी दुहेरी करून कडीतून ओवायची, साधी गाठ मारायची आणि उरलेला फास बेडकावरून काढून आवळायचा); गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा.

नवा बेडूक जसाच्या तसा टाकू नका. त्याच्या दोन्ही गळांची टोकं पाठीला घट्ट चिकटलेली असतात, त्यामुळे मासा चावतो पण अडकत नाही. पक्कडीने दोन्ही टोकं बाहेरच्या बाजूला जेमतेम दोन मिलिमीटर वळवा. त्याहून जास्त वळवलीत तर प्रत्येक फेकीला गवत उपटून येईल. मागच्या रबरी झिरमिळ्या लांब असतील तर कापून चार सेंटिमीटर ठेवा, नाहीतर मरळ शेपटीच धरते आणि सोडते. अधूनमधून बेडूक दाबून आतलं पाणी काढा. आडवा तरंगायला लागला की समजा आत पाणी भरलंय.

फेक मरळीच्या डोक्यावर कधीच नको. गुळुक दिसलं की त्याच्या पलीकडे तीन-चार फूट टाका, तरंग पूर्ण विरेपर्यंत थांबा, मग रॉडचं टोक खाली ठेवून हलके दोन झटके, पाच आकडे मोजेपर्यंत थांबा, पुन्हा दोन झटके. गादीवर बेडूक सरकवत आणून मोकळ्या जागेच्या काठावर थांबवा आणि अलगद पाण्यात सोडा. मार बहुतेक वेळा तिथेच पडतो.

मार पडला की नव्वद टक्के लोक चुकतात. पाणी फुटलेलं दिसलं रे दिसलं की रॉड खेचतात आणि बेडूक गोफणीसारखा तोंडावर येतो. मरळ आधी धरते, मग खाली नेते. दोरी ताणली जाऊन बाजूला चालायला लागेपर्यंत थांबा, मनात 'एक, दोन' म्हणा, ढील गुंडाळून घ्या आणि मग वरच्या दिशेने जोरात खेचा. हुकलं तर रील फिरवू नका. बेडूक आहे तिथेच पडू द्या, थोडा थरथरवा. ती दुसऱ्यांदा येते, कधी तिसऱ्यांदाही. अडकली की ड्रॅग (ताण पडल्यावर दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक) जवळपास पूर्ण आवळलेला हवा आणि रॉड उंच. एकदा का ती देठांत शिरली की दोरीला पीळ घालून बसते. तसं झालंच तर ओढाताण न करता दोरी अर्धा मिनिट सैल सोडा, पुष्कळदा ती आपणच बाहेर निघते.

उघड्या पाण्यात, गवत नसताना, सात-आठ ग्रॅमचा स्पिनर (फिरत्या पात्याचं खोटं आमिष) चालतो. किंवा जुनी पद्धत: 1/0 मापाचा गळ, गांडुळांचा जुडगा, दीड फुटावर बुच, आणि गवताच्या कडेला सोडून गप्प बसणं. यात शिंगटीही लागते.

पाण्यात उतरू नका. ठाण्याच्या तलावांत गाळ गुडघ्याच्या वर, आणि त्यात विसर्जनातल्या मूर्तींच्या सळया, तारा, पाटांचे खिळे. बेडूक अशात अडकला तर तो गेला असं समजा.

मासा हाताळताना हात ओले करा, डोक्यामागे धरा, लांब पक्कडीने गळ काढा. दात बारीक असले तरी बोट सोलवटतात. सोडायचा असेल तर तापलेल्या काँक्रीटवर ठेवू नका, अंगावरचा बुळबुळीत थर गेला की त्याला बुरशी धरते. बादलीत ठेवायचा तर अर्धीच भरा आणि वर भोकाचं झाकण बांधा. काठोकाठ भरून झाकलीत तर हवा न मिळाल्याने मरळ चक्क बुडून मरते, आणि झाकलंच नाही तर उडी मारून रस्त्याला लागते. नाल्याचं पाणी येणाऱ्या तळ्यातली मरळ कितीही जाडजूड असली तरी कालवणाला नेऊ नका, तिथेच सोडा. मात्र गळाला आफ्रिकन मांगूर आला तर तो परत पाण्यात टाकायचा नाही. त्याच्या पालनावर देशात 2000 पासून बंदी आहे आणि एकदा तळ्यात रुजला की तो मरळीची पिल्लंही शिल्लक ठेवत नाही.