नवी भट्टी घेण्याआधी: छोट्या फौंड्रीत माल वाढवा, वीज आणि काळी वाळू नको

मी कॉमर्सची. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा 'कास्टिंग' म्हणजे सिनेमात कोण हिरो, कोण हिरॉईन ते ठरवणं, एवढंच मला ठाऊक होतं. सासऱ्यांची फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, शिरोली एमआयडीसीत. ओतून निघालेला भाग म्हणजे कास्टिंग. ५०० किलोची विजेवरची इंडक्शन भट्टी, ग्रीन सँडचं, म्हणजे चिकणमाती मिसळलेल्या ओलसर वाळूच्या साच्यांचं मोल्डिंग, पंप आणि व्हॉल्व्हचे भाग. बिलं भरायचं काम माझ्याकडे आलं आणि पहिल्याच महिन्यात दिसलं की विजेचं बिल सगळ्यांच्या पगाराच्या बेरजेपेक्षा मोठं आहे. मी विचारलं तर मामंजी म्हणाले, "भट्टी हाय, वीज खाणारच की." त्याच आठवड्यात ते एक टनाच्या दुसऱ्या भट्टीचं कोटेशन घेऊन आले. ऑर्डरी होत्या, माल पुरत नव्हता.

ती भट्टी आम्ही घेतली नाही, तरी माल वाढला. कसा, ते इथे लिहिते. छोट्या फौंड्रीवाल्यांनी आपले आकडे घालून बघावं.

सगळ्यात आधी एक वही करा. "टनाला किती युनिट?" असं विचारलं की प्रत्येक फौंड्रीवाला वितळलेल्या टनाचा आकडा सांगतो. तो आकडा फसवा आहे, कारण गिऱ्हाईक वितळलेल्या लोखंडाचे पैसे देत नाही, चांगल्या निघालेल्या कास्टिंगचे देतं. म्हणून रोज तीन गोष्टी लिहा: भट्टीच्या मीटरचे युनिट (पॅनेलवर वेगळा मीटर नसेल तर आधी तो बसवा), भट्टीत टाकलेल्या मालाचं वजन आणि त्या दिवशी पास होऊन गेलेल्या कास्टिंगचं वजन. शेवटच्या वजनाला दुसऱ्याने भागलं की ईल्ड मिळतो, म्हणजे टाकलेल्यातलं किती विकण्याजोगं निघालं. युनिटना शेवटच्या वजनाने भागलं की खरा खर्च.

आमचा ईल्ड निघाला ५८ टक्के. म्हणजे १०० किलो ओतलं तर ४२ किलो रनर (लोखंड साच्यात नेणाऱ्या वाटा), रायझर (गोठताना कमी पडणारं लोखंड पुरवणारा जादा साठा) आणि रिजेक्शन होऊन परत भट्टीत. तेच लोखंड आम्ही दोनदा, कधी तीनदा पातळ करत होतो आणि दरवेळी वीज विकत घेत होतो. एक टन चांगल्या मालासाठी १.७२ टन वितळवायचं, टनाला ६०० युनिट धरले तर १०३४ युनिट. हाच ईल्ड ६६ टक्के झाला तर १.५२ टन, ९०९ युनिट. विकलेल्या प्रत्येक टनामागे १२५ युनिट वाचतात. तेवढ्याच भट्टीतून, तेवढ्याच विजेत जवळपास १४ टक्के जास्त माल बाहेर पडतो, ही खरी गंमत. मामंजींना जी नवी भट्टी हवी होती तिचा एक तुकडा आमच्या स्क्रॅपच्या ढिगात पडून होता.

५८ वरून ६६ वर जायला आम्हाला दीड वर्ष लागलं. सगळे पॅटर्न (साचा घडवायचे नमुने) एकदम हातात घेऊ नका. महिन्याला जास्तीत जास्त वजन जाणारे पाच पार्ट काढा, त्यांचं रायझर डिझाइन सॉलिडिफिकेशन सिम्युलेशनवर, म्हणजे लोखंड कसं गोठतं ते कॉम्प्युटरवर, तपासून घ्या. सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही, कोल्हापुरात हे काम जॉबवर्कने करून मिळतं. आमच्या एका व्हॉल्व्ह बॉडीवर चार किलोचा रायझर होता. का, तर वीस वर्षांपूर्वी एकदा त्यात पोकळी निघाली होती आणि कुणीतरी भीतीने तो मोठा केला होता. नंतर कुणी हात लावला नाही. बऱ्याच फौंड्र्यांत असे 'भीतीचे रायझर' असतात. इन्सुलेटिंग स्लीव्ह (उष्णता धरून ठेवणारं वेष्टण) लावून तो निम्म्याहून लहान झाला. स्लीव्हला पैसे लागतात, पण वितळवण्याच्या खर्चापुढे ते कमी.

आता भट्टीपाशी या. लोखंड खोलीच्या तापमानापासून ओतण्याइतकं तापवायला शास्त्राने टनाला साधारण ४०० युनिट पुरतात. आमच्याकडे ६८० जात होते. बाकीचे कुठे गेले ते शोधायला मी दोन दिवस भट्टीजवळ खुर्ची टाकून बसले. झाकण होतं, पण भिंतीला टेकवून ठेवलेलं. मिस्त्री हसले, "वैनी, झाकण घातलं की चार्जिंग कसं करायचं? आणि झाकणानं लोखंड लवकर वितळतंय होय?" वितळतं. उघड्या तोंडातून जाणारी उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे १४०० अंशांच्या पुढे तोंड उघडं ठेवणं म्हणजे पैसे शेकोटीत घालणं. पण मिस्त्रींचंही खरं होतं. ते झाकण दोघांनी उचलावं लागायचं. आम्ही काउंटरवेटवर फिरणारं झाकण वेल्डरकडून करून घेतलं, मग ते वापरात आलं. माणसाला त्रास होणारी कुठलीही बचत तिसऱ्या दिवशी बंद पडते, हे मी तेव्हा शिकले.

दुसरं, तापमान. ओतायला १४०० अंश पुरत असताना भट्टी १५२० पर्यंत नेली जायची, कारण लॅडल (पातळ लोखंड न्यायचं भांडं) गार असायचं आणि वाटेतच लोखंड थंड व्हायचं. लॅडल आधी गॅस बर्नरवर लाल करा, वर झाकण घाला आणि प्रत्येक हीटला, म्हणजे वितळवण्याच्या प्रत्येक खेपेला, पायरोमीटरने तापमान घेऊन वहीत लिहा. पायरोमीटरच्या टिपला खर्च येतो म्हणून काहीजण डोळ्यांनी अंदाज घेतात. मिस्त्रींचा डोळा चांगला असतो, पण तो नेहमी जास्तीच्या बाजूने चुकतो, कारण गार लोखंडाची शिवी त्यांना खावी लागते, विजेचं बिल नाही.

तिसरं, ताटकळणं. साचे तयार नाहीत आणि भट्टी पातळ लोखंड धरून बसली आहे, हे आमच्याकडे दिवसातून दोन-तीनदा व्हायचं. यावर मशीन नाही. मोल्डिंगवाल्यांशी बोलून पहिली हीट कधी सुरू करायची एवढंच बदललं.

चौथं, परत येणाऱ्या रनर-रायझरला चिकटलेली वाळू. ती वितळत नाही, स्लॅग (मळी) होते, वीज खाते, भट्टीचं आतलं लायनिंगही खाते. शॉट ब्लास्टमधून (लोखंडी छर्‍यांच्या माऱ्याने साफ करणारं यंत्र) काढून मगच टाका. गंजका, मातीचा स्क्रॅप स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. या चार गोष्टींनी आम्ही ६८० वरून ५९० वर आलो.

बिलाची दुसरी बाजू सोपी आहे, पटकन सांगते. महावितरण एचटी (उच्च दाबाच्या) ग्राहकांना २०२० पासून केव्हीएएच युनिटवर बिल लावतं. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरोखर कामी येते ते प्रमाण) ०.९० वर घसरला तर तुम्ही ११ टक्के जास्त युनिटचे पैसे देता. तो सावरणारं कपॅसिटर पॅनेल महिन्यातून एकदा उघडून बघा. आणि दिवसाच्या कुठल्या तासाला सवलत, कुठल्या तासाला जादा आकार, हे बिलाच्या मागच्या पानावर वाचा. "रात्रीची वीज स्वस्त" हे आमच्या मामंजींच्या काळातलं पाठांतर. दराचे आदेश बदलतात.

कॉम्प्रेसरची गळती रविवारी तपासा. सगळी हत्यारं बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू करा, लोडवर (हवा भरताना) किती सेकंद आणि अनलोडवर (नुसता फिरताना) किती ते घड्याळ लावून मोजा. आमचं निघालं ४० आणि ८०. म्हणजे ४० भागिले १२०, एक तृतीयांश हवा कुणी न वापरता जात होती. शोधायला साबणाचं पाणी पुरलं, दुरुस्तीला होज क्लिप आणि दोन व्हॉल्व्ह. जमलं तर दाबही एक बारने उतरवा, त्यात आणखी सहा-सात टक्के वाचतात.

सोलरबद्दल सगळे विचारतात. १०० किलोवॅट म्हणजे आपल्याकडे वर्षाला साधारण १.४ लाख युनिट, जागा सुमारे १०,००० चौरस फूट. चांगला धंदा आहे, जरूर लावा. पण छपरावरच्या पॅनेलने भट्टी चालते असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आणि फौंड्रीची धूळ पॅनेलवर बसते, धुवायचं पाणी आणि माणूस हिशेबात धरा.

आता काळी वाळू. इथे नफ्याचा हिशेब नीट बसत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, कागल, सगळीकडे हा ढीग ओळखीचा आहे. ग्रीन सँड कोळशाच्या भुकटीने काळी होते, पुन्हा पुन्हा वापरतो, पण कोअरची (पोकळीसाठी साच्यात ठेवायच्या गाभ्याची) वाळू मिसळत जाते, बारीक धूळ वाढते आणि काही भाग टाकावाच लागतो. नवी सिलिका वाळू आम्ही फोंडा घाटातून आणतो, कणकवलीकडच्या खाणींतली. एका डोंगरातून आणायची आणि दुसऱ्याच्या शेतात टाकायची असा सगळा प्रकार. आमची वाळू नेणारा ट्रॅक्टरवाला ती कुठे टाकतो हे मी विचारलं नव्हतं. एका पावसाळ्यात कळलं, ओढ्याकाठी. ओढा पंचगंगेला मिळतो.

त्यानंतर आम्ही चार वेगळे कप्पे केले: ग्रीन सँड, कोअरचे गड्डे, स्लॅग आणि शॉट ब्लास्टची धूळ. एवढंच करा, निम्मं काम झालं. पेव्हर ब्लॉकवाला ग्रीन सँड घेतो, पण त्यात लोखंडाचे तुकडे आणि कोअर मिसळलेला असला तर ट्रक परत पाठवतो. लॅबचा रिपोर्ट काढा, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात ही विल्हेवाट लिहून घ्या, तोंडी व्यवहार नको. रेझिनने न भाजता घट्ट होणाऱ्या नो-बेक वाळूला मेकॅनिकल रिक्लेमेशन (यंत्रात घासून परत वापरण्याजोगी करणं) चांगलं चालतं, ८० टक्क्यांच्या वर परत वापरता येते. सीओटू कोअरची, म्हणजे सोडियम सिलिकेट घालून कार्बन डायऑक्साइडने घट्ट केलेली वाळू मात्र हट्टी. सोडियम सिलिकेटचा सोडा कणांना धरून बसतो. त्यासाठी यंत्र विकायला कुणी आलं तर आपलीच वाळू त्याच्याकडे नेऊन चाचणी घ्या, मगच पैसे द्या.

नॉकआउट (साचा फोडणं) आणि फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करणं) धुळीचं तर उघड सांगते: ती गाळणाऱ्या बॅग फिल्टरचे पैसे परत येत नाहीत. ब्लोअरची मोटर उलट वीज खाते. तरी बसवा. सिलिकाची धूळ फुफ्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. कपड्यांवर कॉम्प्रेस्ड हवा मारायची सवय त्याच दिवशी बंद करा, जमीन ओली करून झाडा. मी हा खर्च भाव काढतानाच किलोमागे घालते. एका गिऱ्हाइकाने त्यावर घासाघीस केली, मी कमी केला नाही. ते गिऱ्हाईक गेलं.

युरोपला माल जात असेल तर आणखी एक पान वाढवा. त्यांची सीमेवरची कार्बन आकारणी १ जानेवारी २०२६ पासून खऱ्या अर्थाने लागू झाली. यादीत सगळ्या वस्तू नाहीत, तेव्हा घाबरण्याआधी आपल्या मालाचा एचएस कोड (आयात-निर्यातीतला वस्तूचा क्रमांक) तपासा. पाइप फिटिंग आहेत, यंत्रांचे बरेच भाग नाहीत. तरी खरेदीदार आकडा मागतोच. आपल्या ग्रिडच्या युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे विकलेल्या टनाला ९०० युनिट असतील तर नुसत्या विजेचे ६३० किलो. वही असेल तर हे पाच मिनिटांचं काम. शिवाय पिग आयर्न (खनिजापासून बनवलेलं कच्चं लोखंड) कमी करून स्वच्छ सीआरसी स्क्रॅप (पोलादी पत्र्याचे तुकडे) आणि कार्बुरायझर (कार्बन वाढवणारी भुकटी) वाढवलं तर चार्ज स्वस्त पडतो आणि कार्बनही उतरतो. स्पेक्ट्रोवर (धातूतले घटक मोजणारं यंत्र) मँगनीजकडे लक्ष ठेवा.

वहीतली एक गोष्ट मला अजून बोचते. किलोमागचे युनिट उतरले, पण माल वाढला म्हणून एकूण वाळू कमी झाली नाही, थोडी वाढलीच. म्हणून आम्ही घरात एक कुंपण घातलंय: काँट्रॅक्ट डिमांड (महावितरणशी करार केलेला वीजभार) वाढवायची नाही. जे वाढायचं ते आतल्या आत.

एक टनाच्या भट्टीचं कोटेशन माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. मामंजी दर दिवाळीला लक्ष्मीपूजन झालं की विचारतात, "मग, भट्टीचं काय?" मी वही पुढे करते. ते चष्मा लावून ईल्डचा रकाना बघतात. या वर्षी ६७ होता. "सत्तर होऊ दे," ते म्हणाले आणि पेढा उचलला.